‘नियत फिरली’ की ‘आतल्या गाठीचा’?

दिवाळीत अंबाजोगाईला घरी सगळे जमलो होतो. भाचीनं डिस्नेचा ‘फ्रोझन’ हा ॲनिमेशनपट लावला, २०१३ चा. आईला त्यातली भाषा कळत नव्हती, पण चित्रं बघून ती गोष्ट लावत होती. शेवटाकडे त्यातली राजकन्या ॲना थंडीनं मरायला टेकलेली असते. जो भेटला त्याच दिवशी तिनं ज्याच्याशी लग्न ठरवलं, तो राजपुत्र हान्स शेकोटीवर पाणी ओततो आणि बाहेरून कुलूप लावून जातो. आई म्हणाली, “नियत फिरली बघ पोराची.” भाची लगेच, “नाही आज्जी, आधीपासूनच तसला होता तो. नाटक करायलता.”

दोघींत बरोबर कोण, हे शब्दांवरूनच ठरवावं लागेल असं मला वाटतं.

आपल्याकडची ही ‘नियत’ म्हणजे मनातला हेतू. शब्द मुळात अरबी; रोजा धरताना, नमाजाआधी करतात ती नियत. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या आपल्या भागात तो घराघरांत रुळला. ‘नियतकालिक’मधला ‘नियत’ वेगळा. तो संस्कृत, अर्थ ‘ठरलेला, नेमलेला’. एक ठरलेला आणि एक फिरणारी. दिसायला मात्र सारखे. आणि ‘फिरणे’ कशाला म्हणतो आपण? वारा फिरतो, दिवस फिरतात, डोकं फिरतं. जे आधी नीट होतं तेच फिरतं. म्हणून आईच्या वाक्यात हान्स आधी चांगला होता, हे आलंच.

भाची म्हणते त्याला आपला शब्द ‘आतल्या गाठीचा’. गाठ पहिल्यापासून असते, दिसत नाही इतकंच.

चित्रपट भाचीच्या बाजूनं बोलतो. १२ भावांच्या पाठचा हान्स, राज्य मिळायची आशा नाही, म्हणून हा डाव, असं तो स्वतःच सांगतो. पण दाखवलंय ते आईच्या बाजूचं. पहिल्या भेटीनंतर ॲना निघून जाते, हा होडीसकट पाण्यात पडतो, वर येतो आणि ती गेली त्या दिशेला बघून हसतो. जवळ त्याच्या घोड्याशिवाय कुणी नाही. मग नाटक कुणासाठी? पुढे बर्फाच्या महालात ॲनाच्या बहिणीवर, एल्सावर, बाण रोखलेल्या माणसाचा नेमही हाच चुकवतो. आतल्या गाठीच्या माणसाची गाठ प्रेक्षकाला एकदा तरी चाचपता आली पाहिजे. इथे ती नाहीच, आणि मला हा लेखनातला दोष वाटतो. डॅनिश लेखक अँडरसनच्या ‘स्नो क्वीन’ या १८४४ च्या मूळ गोष्टीत हान्स नाहीच, म्हणजे हे पात्र सगळं चित्रपटवाल्यांनीच घडवलेलं.

लातूरहून: दादा, ते हसू मला खटकत नाही. ती राजकन्या आहे हे त्याला तेव्हा कळलेलं असतं. घबाड सापडल्यावर माणूस एकटाही हसतो. आमच्याकडे अशाला ‘बेरकी’ म्हणतात.

नांदेडहून: मला ॲनाचा शब्द हवाय. ‘प्रेमात पडली’ म्हणवत नाही. एका संध्याकाळीत होतं ते ‘भुलणं’. चोखोबांचं ‘काय भुललासी वरलिया रंगा’ आठवा. भूल पडते, भूल देतात, रानात माणूस भुलतो. सगळीकडे शुद्ध हरपणं आहेच. ‘जीव लागणं’ याला दिवस जावे लागतात. आणि शेवटी ॲना वाचते ती बहिणीपुढे आडवी झाल्यामुळे. त्याला आमची आजी ‘माया’ म्हणाली असती.

मूळ प्रश्नकर्ता: ताई, ‘भुलली’ अगदी चपखल. आईही मध्येच “कशी गं भुलली ही” म्हणाली होती, ते लिहायचं राहिलं. ‘माया’ही पटलं. एल्सा तर पहिल्याच दिवशी या लग्नाला नाही म्हणते, म्हणजे भूल आणि माया यांतला फरक चित्रपटाला नीट कळलेला आहे. म्हणून तर हान्सच्या बाबतीतली ढिलाई मला जास्त लागते.

लातूरकर, ‘बेरकी’ला मी अडतो. बेरकी माणसाचं हसू डोळ्यांत वेगळं दिसतं, आणि चित्रकारांना ते काढता आलं असतं. त्यांनी काढलंय ते लाजरं, भाबडं हसू. तो प्रसंग पुन्हा बघून सांगा.

आणि एक विचारायचंय. आमच्याकडे ‘मन फिरलं’ म्हणजे नुसती इच्छा बदलली, त्यात दोष नाही. ‘नियत फिरली’ म्हटलं की दोष आलाच. धाराशिव, हिंगोलीकडेही असंच आहे का?