चर्चा: ‘फेथ’ला श्रद्धा म्हणणं बंद करा

खारपाणपट्ट्यातला मास्तर
नववीच्या पोरांना ‘द डॉग इज अ फेथफुल अॅनिमल’ हे वाक्य मराठीत करायला दिलं होतं. एकानं लिहिलं, ‘कुत्रा हा श्रद्धाळू प्राणी आहे.’ वर्ग हसला, मीही हसलो. त्यानं गुपचूप गाइड उघडून दाखवलं. फेथ म्हणजे श्रद्धा. मग फेथफुल म्हणजे श्रद्धाळूच की! पोरगं चुकलं नव्हतं, गाइडवर चाललं होतं.

माझं मत असं की ‘फेथ’ला श्रद्धा म्हणणं सोडून द्यावं. हा शब्द लॅटिनमधल्या ‘फिडेस’वरून आला. रोमन लोकांनी त्या नावाची देवीसुद्धा केली होती, पण ती दिलेला शब्द पाळण्याची देवी. तोच शब्द आपल्या प्रत्येक शाळेच्या ऑफिसात रोज उच्चारला जातो, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही: बोनाफाईड. ‘सर, बोनाफाईड पाहिजे’ म्हणत जून-जुलैत रांग लागते. त्याचा मूळ अर्थ ‘चांगल्या इमानानं’. शाळा इमानानं लिहून देते की हा पोरगा आमचाच. यात श्रद्धा कुठे आली? अर्जाखाली ‘युअर्स फेथफुली’च्या जागी आपण ‘आपला विश्वासू’ लिहितो. एकदा तहसीलदाराला ‘आपला श्रद्धाळू’ लिहून पाठवा आणि गंमत पाहा.

गावात यासाठी दोन साधे शब्द आहेत. ज्याच्यावर आपण टेकतो त्याच्यावर आपला भरोसा, आणि जो टेकू देतो त्याचं इमान. इंग्रजी दोन्हीला एकाच शब्दात बांधते. श्रद्धा या गाठोड्यात बसत नाही.

पायी वारीवाला
मास्तर, तुमच्याच पाठ्यपुस्तकात सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य.’ इंग्रजीत तिथं बिलीफ, फेथ, वर्शिप आहे. म्हणजे बिलीफचा विश्वास आणि फेथची श्रद्धा. मंत्री शपथ घेतात तिथंही संविधानाबद्दल ‘खरी श्रद्धा व निष्ठा’च म्हणतात. हे लिहिणारे काय गाइड घेऊन बसले होते?

मी शेगावला पायी जातो. महाराज काही देतील या भरोशावर नाही. भरोशाला हिशेब असतो. तुरीला शेंग धरली नाही त्या वर्षी गेलो, धरली त्या वर्षीही गेलो. याला तुम्ही भरोसा म्हणाल तर तुम्हाला शब्द कळला नाही, असं स्पष्टच लिहितो. राग मानू नका.

खारपाणपट्ट्यातला मास्तर
राग कशाचा! पण तीच उद्देशिका हिंदीत काढून वाचा. ‘विचार, अभिव्यक्ति, विश्वास, धर्म और उपासना.’ फेथच्या जागी धर्म! इकडं श्रद्धा, मध्य प्रदेशची हद्द ओलांडली की धर्म. एकाच वाक्याच्या भाषांतरात शेजारीपाजारी जुळत नाहीत, तर गाइडवाल्याचा एक शब्द मी डोळे मिटून का घ्यावा?

पऱ्हाटीवाला
मास्तर, मंग भेंडवळले काय म्हनान? घटमांडनी आपल्या बुलढान्याचीच. अखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, वावरात घट मांडते, गोल अठरा धान्यं ठेवते, मंधात खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पान्याची घागर. पापड, कुरडई, करंजी बी राह्यते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून सांगते का पाऊस कसा हाये, पिकं कशी हायेत.

माहा बाप ते आयकल्याबिगर जेवत नोता. पन पेरनी? पेरनी त्यानं घट पाहून कवाच नाई केली. मातीत बोट खुपसून ओल पाह्यची, मंगच तिफन काढाची. आता सांगा, फेथ कोनतं? घटावरचं का बोटावरचं?

पायी वारीवाला
घटावरचं. बोटावरचं ते ज्ञान.

पऱ्हाटीवाला
मंग ज्ञानानं दोनदा दुबार पेरनी काऊन करा लागली भाऊ?

तालुक्याचा कारकून
कायद्यात तिसराच शब्द आहे. ‘गुड फेथ’ला आम्ही ‘सद्भावपूर्वक’ लिहितो. त्यातही गोम आहे. 1897च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे काम प्रामाणिकपणे केलेलं असलं की पुरे, हातून हलगर्जी झाली असली तरी ते सद्भावानं केलेलं धरतात. 1860ची भारतीय दंड संहिता मात्र म्हणायची की योग्य दक्षता आणि लक्ष नसेल तर तो सद्भावच नाही. म्हणजे एकीकडे मन साफ असलं की भागतं, दुसरीकडे डोळेही उघडे पाहिजेत. मास्तर, तुमचं इमान यातलं कोणतं?

बचतगटाची सचिव
दुसरं. दादा, आमच्या गटात घर-जमीन गहाण न ठेवता कर्ज मिळते. कशावर? एकमेकींच्या भरोशावर. पण त्या भरोशाला वही आहे. दर बैठकीला हजेरी, बचत, हप्ता, सगळं तिथल्या तिथं वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. नवीन बाई म्हणते, ‘ताई, तुम्हाला माझ्यावर भरोसा नाही का?’ मी म्हणते, आहे म्हणून तर तुझ्यासमोर लिहिते. वारीवाल्या काकांना तेवढं खटकलं की भरोशाला हिशेब असतो. असूच द्या की. हिशेब आहे म्हणून आमच्या गटाची चूल वेगळी झाली नाही.

संस्कृतची निवृत्त बाई
तुम्ही सगळ्यांनी श्रद्धेला देव्हाऱ्यात कोंडलं आहे. मूळ शब्द फार मोकळा. श्रत् आणि धा, म्हणजे मन एखाद्या जागी ठेवणं. लॅटिनमधलं ‘क्रेडो’ याच जुन्या मुळातून निघालं, आणि क्रेडिट तिथूनच. तुमच्या तालुक्यातल्या क्रेडिट सोसायटीच्या पाटीवर श्रद्धेची चुलत बहीणच टांगलेली आहे म्हणा ना! श्रद्धेनं करायचं म्हणून श्राद्ध. आणि विश्वासात तर श्वास आहे, निर्धास्तपणे घेतलेला. मास्तर, व्युत्पत्तीच काढायची तर ‘फिडेस’ एकटी काढून चालत नाही. ‘श्रद्धा’ शब्द टाकू नका, त्याला देवळाबाहेर आणा.

पऱ्हाटीवाला
बाई, मंग कृषी केंद्रातल्या उधारीले श्रद्धा म्हनाव का? मंग माही लय श्रद्धा थकली हाये तिथं.

निळी पाटी
बाईंचं म्हणणं पटतं. 14 ऑक्टोबर 1956ला नागपुरात बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्या, त्या आमच्या घरात तोंडपाठ आहेत. म्हणून श्रद्धा हा शब्द आम्हाला वर्ज्य आहे असं कोणी समजू नये. पालीत सद्धा आहेच. फक्त ती तपासून ठेवायची असते. मराठीला ‘अंधश्रद्धा’ असा वेगळा शब्द करावा लागला, याचा अर्थ श्रद्धेला डोळे असू शकतात हे भाषेनं मान्य केलंय.

माझं भांडण मास्तरांच्या इमानाशी आहे. माझा आजा सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, कागद नाही, तोंडी. इतकी ज्वारी, इतके पैसे, धोतराचा जोडा. गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात, ‘लय इमानदार माणूस होता.’ त्याच्या मालकाला कोणी इमानदार म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बैल इमानदार, कुत्रा इमानदार, सालगडी इमानदार. खालच्याकडून मागायची ती वस्तू. तुमची ही चर्चा कुत्र्याच्या वाक्यापासून सुरू झाली, हे मला उगाच वाटत नाही.

खारपाणपट्ट्यातला मास्तर
हे लागलं. बराच वेळ काही लिहिलं नाही ते यामुळेच.

थोडा बचाव करतो. बेइमान आपण मालकालाही म्हणतो, पुढाऱ्याला तर उठता-बसता. म्हणजे इमानाची अपेक्षा वरच्याकडूनही आहे, पण ते असल्याची नोंद कोणी घेत नाही, नसल्याचीच बोंब होते. आणि इमान मुळात अरबी. तिथं त्याचा अर्थ देवावरचं फेथ असाच आहे. आपल्याकडे येता येता तो शब्द वरून खाली, माणसांच्या देण्याघेण्यात उतरला. बाईंची श्रद्धा व्यवहारातून देवळात गेली, इमान देवाकडून व्यवहारात आलं. अर्ध्या रस्त्यात दोघांची गाठ पडली असणार.

शपथेतल्या ‘श्रद्धे’पुरती माघार घेतो. कुत्र्याच्या बाबतीत घेत नाही. वारीवाले दादा, ‘श्रद्धाळू कुत्रा’ तुम्ही तरी चालवून घ्याल का?

पायी वारीवाला
नाही. पण त्या पोराचे मार्क कापू नका.

खारपाणपट्ट्यातला मास्तर
अर्धा दिलाय. ते वाक्यच आता वर्गातून काढून टाकावं म्हणतो.

निळी पाटी
काढू नका सर. त्याच्याखाली ‘द मास्टर इज फेथफुल’ हेही भाषांतराला द्या. पोरं काय लिहितात ते इथं टाका.