सासूबाई आणि नातू एकत्र बघतील असं 'वॉलेस अँड ग्रॉमिट': सुरुवात कुठून?

घेवडा:
सासूबाई उन्हाळ्यासाठी सांगलीहून आल्यात. लेकाला सहावं लागलंय. त्याच्या कार्टूनांचा कलकलाट सुरू झाला की त्या गॅलरीत जाऊन बसतात. परवा मात्र 'शॉन द शीप' लागलं होतं आणि आतून दोघांचं खिदळणं ऐकू आलं. त्यात कुणी बोलतच नाही, शेतकरीसुद्धा नुसता गुरगुरतो, त्यामुळे सासूबाईंचं इंग्रजीवाचून काही अडलं नाही. आता तेच काढणाऱ्या इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओवाल्यांचं 'वॉलेस अँड ग्रॉमिट' (मातीच्या बाहुल्यांचं, एक माणूस आणि त्याचा कुत्रा) लावावं म्हणते. कशाने सुरुवात करू? आणि पोरगं रात्री दचकून उठेल असं काही नाही ना त्यात?

पॉजबटण:
ताई, डोळे मिटून 'द राँग ट्राउझर्स' लावा. १९९३ चा, जेमतेम अर्ध्या तासाचा. वॉलेस बोलतो भरपूर, पण त्याचं बोलणं सुटलं तरी बिघडत नाही, कारण अख्खी गोष्ट त्याच्या कुत्र्याच्या, ग्रॉमिटच्या, कपाळावर चालते. ग्रॉमिटला तोंडच नाही. या जोडीचा जन्मदाता निक पार्क आधी त्याला बोलका करणार होता. मग लक्षात आलं की भुवई जराशी वरखाली केली की भागतं. मालक वाढदिवसाला यांत्रिक विजार भेट देतो तेव्हा ती भुवई बघा!

आणि तो भाडेकरू पेंग्विन. तोही मुका, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवला की लोक त्याला कोंबडी समजतात. हिरा चोरायला निघालेला इतका थंड डोक्याचा खलनायक मी हाडामांसाच्या नटांतही फार पाहिलेला नाही.

शेवटी घरातल्या खेळण्याच्या रेल्वेवरचा पाठलाग. ग्रॉमिट गाडीवर स्वार, पुढचे रूळ संपलेले, आणि हा खोक्यातून सुटे रूळ काढून धावत्या गाडीपुढे टाकत सुटतो. सेकंदाला २४ चौकटी. बाहुली केसभर हलवा, फोटो काढा, परत हलवा. म्हणजे ती सगळी पळापळ कुणीतरी दिवसेंदिवस एका जागी उभं राहून, घाई न करता घडवलीय. मी स्वतः एडिटिंगमध्ये आहे, त्यामुळे तो भाग सरळ बघणं मला जमतच नाही, थांबवत थांबवत बघतो. यांच्या कामात थांबवलं की मातीवर बोटांचे ठसे सापडतात. लेकाला शोधायला लावा.

२०२४ च्या 'व्हेंजन्स मोस्ट फाउल'मध्ये तोच पेंग्विन परत आलाय. पण आधी हा.

रिमझिम_ब्रिस्टल:
+१. इथे ब्रिस्टलमध्ये २०१३ च्या उन्हाळ्यात शहरभर ८० मोठाले रंगवलेले ग्रॉमिट उभे केले होते, मुलांच्या इस्पितळासाठी निधी जमवायला. लोक नकाशा घेऊन एकेक शोधत फिरायचे. आर्डमनचाच मातीचा बाहुला मॉर्फ विसरू नका बरं का. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळासोबत्यांनी आर्डमन कंपनी काढली, आणि १९७७ मध्ये बीबीसीवर चित्रकलेचा कार्यक्रम करणाऱ्या टोनी हार्टच्या टेबलावर मॉर्फ अवतरला. त्याचे भाग अगदी छोटे असतात आणि तोही काहीतरी अगम्य बडबडतो, म्हणजे सासूबाई आणि इंग्रज दोघेही समान पातळीवर.

करंजीवाली:
माझं मत थोडं वेगळं. शॉन आवडलाय ना, मग 'अ क्लोज शेव्ह' लावा, १९९५ चा. शॉन पहिल्यांदा आला तो त्यातच. फक्त त्यातला दांडगा कुत्रा शेवटी यंत्र निघतो, तेव्हा आमची धाकटी माझ्या ओढणीत शिरली होती. शेजारी मोठं माणूस हवं.

आणि बघून झालं की पोरगं माती मागणार, हे धरून चाला. गणपतीची उरलेली शाडू देऊ नका, चार फोटोंत वाळून हाताला तडे जातात (बाहुलीच्या हो). तेलातली, न वाळणारी प्लॅस्टिसिन आणा. तिचा जन्मही तिकडचाच: विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये बाथजवळ केली, ब्रिस्टलहून फार लांब नाही.

घेवडा:
सगळ्यांचे आभार. शनिवारी 'ट्राउझर्स'. 'क्लोज शेव्ह' आधी मी एकटी बघते. 'चिकन रन'चं काय?

पॉजबटण:
तो २००० चा, त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. उत्तम आहे, पण बोलणं फार, सासूबाईंना कुणीतरी सतत सांगत बसावं लागेल. शिवाय सुरुवातीलाच अंडी न देणाऱ्या एका कोंबडीचा निकाल लावतात. कुऱ्हाड चाललेली दाखवत नाहीत, पण सहा वर्षांच्याला कळतंच. दोन वर्षं थांबा. आणि त्या रात्री घरात चिकन नको.