मदत हवी: ट्रायपॉडवर ठेवूनही ६०० ला फोटो हलतोच

खटपट्या
वैताग आलाय. १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, ट्रायपॉड दणकट आहे, बॉलहेड (वरचा गोळ्याचा सांधा) पिळून घट्ट केलेलं, तरी ६०० ला एक फोटो धड शार्प येत नाही. टायमर लावतो, त्यामुळे बोटाचा धक्का नाही. ४०० पर्यंत चालवून घेता येतं, पुढे सगळा चिखल. फोकस बरोबर आहे, ते सांगू नका. हातात दोनच दिवस आहेत, नाहीतर पुन्हा महिनाभर थांबायचं. लवकर सांगा.

पाणकावळा
शटर स्पीड वाढवा. ६०० ला मी १/१००० सेकंदाच्या खाली जातच नाही, उडता पक्षी असेल तर १/२५००. आणि ते बॉलहेड काढून गिंबल (जड लेन्स तोलून धरणारं हेड) लावा. मीही दोन वर्षं बॉलहेडशी झटापट केली. गिंबल आलं आणि सुटलो.

निवांत
कॅमेरा कोणता? शटर किती? स्टॅबिलायझेशन (लेन्समधली थरथर-भरपाई) चालू की बंद? मधला दांडा वर केलाय का? ट्रायपॉडवर बसवायची प्लेट लेन्सच्या कॉलरला (बाहेरच्या कड्याला) आहे की कॅमेऱ्याला? काहीच सांगितलं नाहीत आणि वर 'लवकर सांगा'.

खटपट्या
कॉलरलाच, एवढं कळतं हो. क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल. स्टॅबिलायझेशन चालू, त्याचेच तर पैसे मोजलेत. आणि पक्षी नाही, चंद्र आहे.

पाणकावळा
मग १/२५० पुरे की. चंद्र उन्हातच असतो.

खटपट्या
पूर्ण चंद्र नाही, अमावास्येनंतरची कोर. उजळ कोरीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१५. आणि उरलेला काळोखा गोल दिसायला हवा, त्यासाठी वेगळा फोटो, आयएसओ ८००, २ सेकंद. दोन्हींना लेन्सचं छिद्र एफ ६.३.

वजनदार
ट्रायपॉड हलका असणार. खाली बॅग टांगा. मी पाच किलोची बॅग लावतो, वादळातही हलत नाही.

गोफण
@वजनदार, टांगलेली बॅग वाऱ्यात लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. टांगायचीच तर तळ जमिनीला टेकू द्या. वजनापेक्षा पाय किती कडक आहेत ते महत्त्वाचं. सगळ्यात खालचे बारीक नळे न उघडता लावून बघा, फरक दिसेल.

वजनदार
आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रायपॉडवर वीस वर्षं काढली. हल्ली कार्बन फायबर नसेल तर फोटोच निघत नाही म्हणे.

गोफण
कार्बनचं नावही मी काढलेलं नाही.

कुहू
स्टॅबिलायझेशन आधी बंद करा. ट्रायपॉडवर ते स्वतःच्याच मोटरच्या थरथरीमागे धावतं आणि चित्र हळूच सरकवतं.

पाणकावळा
माझी लेन्स ट्रायपॉड ओळखते, मी कधीच बंद करत नाही.

कुहू
तुमची ओळखते. यांची ओळखते का, ते दोन्हीकडे पाच-पाच फोटो काढून बघावं. भांडायला कशाला हवं?

निवांत
खटपट्या, तुमचे प्रश्न दोन आहेत, म्हणून गोंधळ होतोय.

१/१५ चा फोटो क्लिकच्या वेळी वर उडणाऱ्या आरशाच्या फटक्याने हलतोय. साधारण १/२ ते १/६० हा पट्टा सगळ्यात वाईट, कारण आरसा आपटल्यानंतरची थरथर जवळजवळ पूर्ण एक्स्पोजरभर टिकते. मिरर-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) लावा किंवा लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, म्हणजे पहिला पडदा न हलवता उघडणारं शटर, असेल तर तो. (काही कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यू असूनही क्लिकच्या वेळी आरसा एकदा खाली-वर होतो. कान देऊन ऐका.) नाहीतर सरळ आयएसओ १६०० करा, १/२५० मिळेल.

२ सेकंदांच्या फोटोत दोष ट्रायपॉडचा नाहीच. आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. तुमच्या सेन्सरवर ६०० ला एक पिक्सेल म्हणजे साधारण १.४ विकला. २ सेकंदांत चंद्र वीसेक पिक्सेल पुढे गेला. ट्रायपॉड काँक्रीटमध्ये गाडलात तरी तेच होणार. मोठं करून बघा: १/१५ ला कडा वर-खाली दुहेरी दिसेल, २ सेकंदांत दर वेळी एकाच बाजूला ओढलेली.

खटपट्या
बघितलं. अगदी तसंच आहे. पण मिरर-अप काल लावला होता, १/१५ ला तरीही हलला.

निवांत
टायमर किती सेकंदांचा?

खटपट्या
२.

निवांत
लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा, लेन्सच्या पुढच्या हूडवर बोटाने टिचकी मारा आणि चित्र थांबेपर्यंत मोजा.

खटपट्या
बाप रे. कोर पडद्यावर दोरीवरच्या कपड्यासारखी डुलते. चार सेकंद. टायमर तर २ लाच संपतो! मधला दांडा पूर्ण वर आहे, हे सांगायचं राहिलं. वाकलं की पाठ धरते.

गोफण
झालं! म्हणजे दणकट ट्रायपॉडवर एक काठी रोवून तिच्यावर लेन्स ठेवलीत. प्लेटवर कॉर्क किंवा रबर आहे का? तेही दबतं. आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढा, वाऱ्यात फडफडतो.

तारांगण
कोर क्षितिजाजवळ असते आणि तिथली हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. तिला इलाज नाही. जमेल तितकी लवकर, कोर उंच असताना घ्या. काळोख्या भागाला ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर २०० ला या, आयएसओ ६४००, १/४. सरकणं एका पिक्सेलच्या आत राहतं.

रानवाटा
हीच लेन्स घ्यायचा विचार आहे. हातात धरून पक्ष्यांना जमेल का?

खटपट्या
@रानवाटा, नवा धागा काढा.
बाकीच्यांना: दांडा खाली, पट्टा काढला, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर १० चा. टिचकी आता सेकंदाभरात थांबते. कोर १/२५० ला काढली, खड्ड्यांच्या कडा दिसल्या. काळोखा गोल २०० ला छान आला, पण चिमुकला. ६०० चं वेड काही जात नाही. पाठ दुखतेय ते वेगळंच.

कुहू
लाइव्ह व्ह्यूच वापरताय तर वाकता कशाला? स्टूल घ्या.