मदत हवी आहे: ऑफशोअर विंड फार्मच्या मॉडेलमध्ये व्होल्टेज हेलकावे खातंय

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टला जर्मनीच्या बोरविन १ (समुद्रातल्या विंड फार्मची वीज डीसी केबलने किनाऱ्यावर आणणारी लिंक) सारखं मॉडेल केलंय, ४०० मेगावॅट, ±१५० केव्ही डीसी, ५ मेगावॅटच्या ८० टर्बाइन्स. समुद्रात ग्रिडच नाही म्हणून प्लॅटफॉर्मवरचा कन्व्हर्टरच (एसीचं डीसी करणारा) व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ तयार करतो आणि टर्बाइन्स पीएलएलने (व्होल्टेजची लय पकडणारं कंट्रोल) त्याला धरून चालतात, इथपर्यंत सगळं नीट.

वारा कमी असताना एसी केबलच्या चार्जिंगमुळे टोकाच्या टर्बाइन्सकडे व्होल्टेज चढतं, ते शंट रिॲक्टर (केबलची जादा रिॲक्टिव्ह पॉवर शोषणारी कॉइल) टाकून आवरलं. खरी अडचण पुढेच आहे, फुल लोडला दोनपैकी एक एसी केबल ट्रिप केली (अचानक बंद केली) की व्होल्टेज थरथरायला लागतं, आधी बारीक काटे दिसतात आणि अर्ध्या सेकंदात वेव्हफॉर्म ओळखूच येत नाही. पीएलएल स्लो केला तर थरथर थांबते पण मग फॉल्टनंतर टर्बाइन्स सावरत नाहीत, तीन आठवडे इथेच अडकलोय.

टर्बाइन्सना व्होल्टेज कंट्रोलऐवजी क्यू-व्ही ड्रूप (व्होल्टेज बदलेल त्या प्रमाणात रिॲक्टिव्ह पॉवर बदलणं) द्यावा का? की आधी कन्व्हर्टर आणि टर्बाइन्स अशा दोन्ही बाजूंचा इम्पीडन्स वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला स्कॅन करून रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला हेलकावे वाढतात ती जागा) कुठे बसतोय ते बघू? ८० टर्बाइन्सची एकच मोठी टर्बाइन धरलीये, त्यामुळेच तर होत नसेल? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या सोमवारी गाइडना दाखवायचंय.