वायदोर्ज (१९७८): ही ‘माग्मा’ची नक्कल म्हणावी का?

खर्ज यांचा प्रश्न

‘वायदोर्ज’ या फ्रेंच बँडचा १९७८ साली ‘कोब्रा’ या रेकॉर्ड कंपनीने काढलेला, त्याच नावाचा एकुलता एक अल्बम गेले काही दिवस मी ऐकतो आहे. बासवादक बेर्नार पागानोत्ती आणि कीबोर्डवादक पात्रिक गोतिए हे दोघे ‘माग्मा’ या बँडमधून बाहेर पडून इकडे आले आणि बँडचे नावही ‘माग्मा’च्या ‘उडू वुडू’ (१९७६) या अल्बममधील एका रचनेवरून घेतले, एवढे मला ठाऊक आहे. बहुतेक ठिकाणी या अल्बमची ‘माग्माची नक्कल’ एवढ्यावरच बोळवण होते. माझ्या कानाला ते पटत नाही. पहिली बाजू पूर्ण व्यापणारी, सोळा मिनिटांहून मोठी ‘एलोहिम्स व्हॉयेज’ ऐकताना मला तबल्याच्या एकलवादनातला लेहरा आठवतो. बास एकाच आवर्तनात फिरत राहतो आणि बाकीची वाद्ये त्यावर मजले चढवत जातात. हे ऐकणे बरोबर आहे का, आणि असल्यास ‘माग्मा’पेक्षा वेगळेपण नेमके कशात आहे?

मंद्र यांचे उत्तर

लेहऱ्याची उपमा मला अर्धीच पटते. लेहरा तबलजीला समेचे भान देतो आणि स्वतः मागे राहतो. पागानोत्तींचा बास मागे राहायला मुळीच तयार नाही. जाड, किंचित फाटलेल्या आवाजात तो एखादी आकृती इतक्या वेळा घोळवतो की ऐकणाऱ्याला तिची सवय होते, आणि नेमके तेव्हाच तो तिचे वजन बदलतो. ही आधाराची सुरावट नसून तीच मुख्य सुरावट आहे.

वेगळेपण समजण्यासाठी ‘माग्मा’त केंद्रस्थानी कोण होते ते पाहावे लागेल. १९६९ साली तो बँड उभा करणारे क्रिस्तियाँ वांदेर हे ड्रमवादक, आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना गुरुस्थानी मानणारे. त्यामुळे तिथे ड्रम आणि कोबायन या कल्पित भाषेतले समूहगान या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो. ‘वायदोर्ज’मध्ये गायन आहे, पण तसा गायकवृंद नाही. त्याची जागा अलाँ आणि इवों या गियार बंधूंच्या सॅक्सोफोन व ट्रम्पेटने घेतली आहे, आणि गोतिए व झाँ-फिलिप गूद असे दोन कीबोर्डवादक असल्यामुळे स्वरांची भिंत गळ्यांऐवजी कळपट्ट्यांतून उभी राहते. कर्ट रस्ट यांचे ड्रमवादन वांदेरसारखे उसळत नाही. ते ठेका घट्ट धरून ठेवते, म्हणूनच बासला पुढे येता येते. (मिशेल एत्तोरी यांच्या गिटारकडे आपले सहसा लक्ष जात नाही, हा मात्र अन्याय आहे.)

पडताळा घ्यायचा असेल तर ‘माग्मा’चे १९७५ सालचे पॅरिसमधील थेट ध्वनिमुद्रण आधी ऐकावे आणि लगेच ‘वायदोर्ज’च्या अल्बममधली ‘विल्ना’ लावावी. बासवादक तोच आहे, पण पहिल्यात तो वांदेरच्या मागे धावतो आहे आणि दुसऱ्यात इतरांना धावायला लावतो आहे.

जुनी तबकडी यांचे उत्तर

एक छोटी भर घालतो. कोबायन भाषेत ‘वायदोर्ज’चा अर्थ ‘आकाशातले चक्र’ असा सांगितला जातो, म्हणजे आपल्याला जाणवलेले आवर्तन नावातच आहे.

अनुनाद यांचे उत्तर

नकलेच्या आरोपाबद्दल एक मुद्दा इथे राहून गेला. ‘उडू वुडू’वरील ‘वायदोर्ज’ ही रचना वांदेरची नाही. ती पागानोत्ती आणि गायक क्लाउस ब्लास्कीझ यांची आहे. म्हणजे बँडच्या नावासाठी पागानोत्तींनी दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलली नव्हती, स्वतःचीच बरोबर नेली होती. त्यामुळे ‘माग्मा’चे ऋण मान्य करूनही ‘नक्कल’ हा शब्द मला चुकीचा वाटतो. ‘माग्मा’पासून सुरू झालेल्या ‘झोएल’ या संगीतशैलीत हा अल्बम बसतो, हे खरे. पण ती शैली घडवणाऱ्या हातांपैकी एक हात याच माणसाचा होता.

अल्बमचे दोष मात्र झाकू नयेत. शेवटची रचना ‘बूल्डेमुग’ मला आधीच्या दोन रचनांच्या तुलनेत हलकी वाटते. पुढे ‘म्यूझिया’ या कंपनीने काढलेल्या सीडीत ‘रोंदो’ आणि ‘कोलिंदा’ या दोन थेट मैफलीतल्या रचना जोडलेल्या आहेत, त्या अवश्य ऐकाव्यात. ध्वनी ओबडधोबड असला तरी सात जणांचा हा ताफा मंचावर किती मोकळा होत असे ते तिथेच कळते.

बँड १९७९ च्या सुमारास थांबला. गोतिए यांनी १९८१ मध्ये ‘बेबे गोद्झिला’ हा स्वतःचा अल्बम काढला. पागानोत्तींनी फ्राँसिस काब्रेल यांच्यासारख्या लोकप्रिय गायकाला बासची साथ केली, आणि ती शोधून ऐकण्यासारखी गोष्ट आहे: इतका हट्टी बासवादक गाण्यासाठी किती नम्र होऊ शकतो!

खर्ज

सर्वांचे आभार. मंद्र यांनी सांगितलेल्या क्रमाने काल रात्री दोन्ही ऐकले आणि लेहऱ्याची उपमा मी मागे घेतो. एत्तोरींच्या गिटारसाठी आता पहिली बाजू पुन्हा लावली आहे.