मदत हवी आहे: आईबरोबर बघायला कोरियन प्रेमकथा सुचवा (उद्यापर्यंत)

रानजाई
उद्या संध्याकाळी आईकडे चाललेय, चार दिवस राहीन. दोघींनी मिळून बघता येईल अशी सिरीयल हवी. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' झाली आहे, तिच्यावर दोघींचा जीव जडला होता. त्यानंतर तीन सुरू केल्या आणि तिन्ही दुसऱ्या भागात सोडल्या. उद्योगपतीचा मुलगा, त्याची आई पैशांचं पाकीट पुढे सरकवतेय, आणि हा मुलीचं मनगट धरून तिला ओढत नेतोय. हे आता बघवत नाही. माणसं कमावती, समंजस हवीत. रडकं नको. लवकर सांगा.

चकोर
'रिप्लाय 1988'. सोलमधली एक गल्ली, पाच घरं. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी पोरं ताटल्या घेऊन या घरातून त्या घरात धावत असतात. मी चाळीत वाढलो, मला तिथेच भरून आलं.

पिंपळपान
20 भाग, एकेक दीड तासाचा. चार दिवसांत? शिवाय मुलीचा नवरा कोण, हे ओळखण्यातच सगळे अडकतात. त्यापेक्षा जपानी 'फर्स्ट लव्ह' बघा. फक्त 9 भाग. सापोरोत टॅक्सी चालवणारी बाई आणि तिचं शाळेतलं प्रेम. जपानी लोक 9-10 भागांत आटोपतात. कोरियन 16 भाग म्हणजे आठवड्याला दोन, असे आठ आठवडे भरायचे, म्हणून बाराव्या भागात उगीच ताटातूट.

चकोर
त्या 'फर्स्ट लव्ह'मध्ये अपघात आणि स्मृती जाणं आहे. तिने कंटाळून सोडलं असेल ते हेच.

रानजाई
सबटायटल्सवाल्या नकोत!

उंबरा
हे आधी का नाही लिहिलंस गं? मराठी डबिंग मिळणं अवघड, हिंदी चालेल का? आणि 'क्रॅश लँडिंग' मग कशी बघितली?

रानजाई
तेव्हा आईला दिसत होतं. आता एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पळती अक्षरं तिला वाचता येत नाहीत. हिंदी चालेल.

सदाफुली_५८
ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, थेंब वेळेवर. माझ्या दोन्ही डोळ्यांचं झालंय, छान दिसतं. काळजी करू नकोस.

पिंपळपान
डबिंगमध्ये प्रेमकथा बघणं म्हणजे जीव काढून घेणं. अर्धा अभिनय आवाजात असतो.

उंबरा
उलट बोलताय. कोरियनमध्ये अहो-जाहोची बोली वेगळी आणि अरे-तुरेची वेगळी. कितीतरी भाग मानाने बोलणारा एके दिवशी 'तू'वर येतो, तीच खरी कबुली असते. इंग्रजी सबटायटल्समध्ये दोन्हीकडे एकच 'यू'. हिंदीत निदान 'आप'चं 'तुम' करता येतं. मला हे तीन वर्षं इंग्रजीत बघून कळलंच नव्हतं, म्हणून कळकळीने सांगतेय.

भटकंती_एन
'क्रॅश लँडिंग'चा विषय निघालाय म्हणून सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला गेलात तर इसेल्टवाल्ड गावचा तळ्यातला धक्का जवळच आहे. नायक पियानो वाजवतो तोच. इतकी गर्दी व्हायला लागली की 2023 पासून फाटक बसवून 5 फ्रँक घेतात. सकाळी लवकर जा.

मोगरा
सगळ्यांत सुंदर 2025 मधली 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'. जेजू बेटावरच्या नवरा-बायकोचा अख्खा संसार. आईबरोबर बघावी ती हीच.

उंबरा
मोगरा, सुंदर आहेच. पण शेवटाकडे नवऱ्याचं आजारपण आहे. तिने 'रडकं नको' लिहिलंय.

रानजाई
उंबरा, बरं झालं सांगितलंत. बाबा मागच्या दिवाळीत गेले. रडकं नको ते त्यासाठी.

मोगरा
माफ कर. मी पोस्ट नीट वाचली नाही.

उंबरा
मग 'होमटाउन चा-चा-चा' घे. 2021, 16 भाग. शहरातली दाताची डॉक्टर समुद्रकाठच्या गावात दवाखाना काढते. तिथला होंग दू-शिक नळदुरुस्तीपासून पडेल ते काम करतो आणि लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करतो, डॉक्टरीणबाईंनाही. तिला त्याचा राग येतो. इंग्रजीत हे हरवतं. हिंदी ऑडिओ दिसतो का ते आज रात्रीच तपास. नसेल तर तूच वाचून दाखव, सरळ मराठीत. मी सासूबाईंना तसंच दाखवते. एक मात्र सांगते, शेवटच्या दोन भागांत गावातल्या एक आजी झोपेतच जातात. नायकाचंही जुनं दुःख उघड होतं. तेवढं आधी एकटीने बघून ठेव.

चकोर
'रिप्लाय' माझ्याकडून उधार. दिवाळीत बघा. म्हणजे, केव्हाही बघा.

रानजाई
काल दोन भाग झाले. मी शेजारी बसून वाचत होते. घाईत दू-शिकचं एक वाक्य 'तुम्ही' असं वाचलं, तर आईने लगेच अडवलं, "आवाजावरून तो तू म्हणतोय." अक्षरं दिसत नाहीत, पण एवढं ऐकू येतं तिला. म्हणाली, आजीला तू म्हणतो ते बरोबरच आहे, आपणही म्हणतो. पण डॉक्टरला पहिल्या भेटीत? बाबांनी तिला 'तू' म्हणायला किती दिवस लावले, ते मग सांगत बसली. तिसरा भाग लावलाच नाही.