कॉपीचा आरोप करणाऱ्यानेच अपील ऐकायचं का?

ऋतुजा: गेल्या सत्रात माझ्या धाकट्या बहिणीचा निबंध एआयने लिहिलाय, असं तपासणीच्या सॉफ्टवेअरने दाखवलं. सरांनी तेच धरलं आणि शून्य गुण दिले. तिने अपील केलं. सुनावणीला आत गेली, तर समितीच्या मधल्या खुर्चीवर तेच सर! आरोप करणाराच निवाडा करणार असेल, तर त्याला अपील का म्हणायचं? आरोपाचे कागद आधी हातात मिळावेत आणि ऐकणारी माणसं वेगळी असावीत, एवढीच मागणी आहे.

जुना परीक्षक: समिती वेगळी हवी, यात वाद नाही. पण दुसरी बाजूही बघा. माझ्याकडे एकदा दोन प्रकल्प आले. दोन्हींत एकाच तक्त्यात बेरीज चुकलेली, आणि चूक अगदी तीच. तरी दोघं शेवटपर्यंत ‘आम्ही आपापलं लिहिलं’ म्हणत राहिले. तारखांवर तारखा पडत सत्र संपलं. रात्री जागून स्वतः लिहिणाऱ्या पोरांनी काय करायचं? अपिलाला कारणं मोजकीच हवीत: प्रक्रियेतली चूक, नवा पुरावा किंवा चुकीच्या मानाने फार मोठी शिक्षा. ‘निर्णय पटला नाही’ हे कारण होऊ शकत नाही.

ऋतुजा: चुकलेली बेरीज समोर ठेवता येते, सर. एआय-शोधकाचा आकडा कसा पडताळणार? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचाच शोधक जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्यांच्याच चाचणीत माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने एआयचा ठरवला होता.

समीर: परक्या भाषेत लिहिणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात शोधकांना दिले. सगळे माणसांनीच लिहिलेले, तरी सरासरी ६१ टक्के एआयचे ठरले. साधी, ठरावीक वाक्यं लिहिली की संशय येतो. मजकूर दुसरीकडून उचललाय का हे दाखवणाऱ्या साम्य अहवालाची गोष्ट निराळी, तिथे जुळलेली ओळ आणि तिचा स्रोत दोन्ही दिसतात, खरंखोटं करता येतं. या दोन गोष्टींची गल्लत थांबली, तरी निम्मी भांडणं मिटतील.

जुना परीक्षक: नुसत्या आकड्यावर शिक्षा नको, हे मानतो. पण फौजदारी खटल्याइतका पुरावा मागाल तर एकही कॉपी सिद्ध होणार नाही. माझा अनुभव सांगतो: विद्यार्थ्याला समोर बसवून विचारा, ‘हा परिच्छेद इथे का घेतलास? हा संदर्भ कुठे सापडला?’ ज्याने लिहिलंय तो घाबरतो, अडखळतो, पण सांगतो. पाच मिनिटं पुरतात.

ऋतुजा: तीच पाच मिनिटं तिला मिळाली नाहीत. पहिल्या खाडाखोडीपासूनचे सगळे मसुदे तारखांसकट छापून नेले होते तिने. फाईल टेबलावर होती, कुणी उघडली नाही. आता तिने पुन्हा अर्ज केलाय, या वेळी सरांना वगळून दुसरी समिती मागितली आहे.